मानसिक वय : एका संकल्पनेचा प्रवास

शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना विशेष शिक्षण देता यावे, या हेतूने आल्फ्रेड बिने व थेओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिस येथे तीस कसोट्यांची श्रेणी रचली. १९०८ च्या आवृत्तीत कसोट्यांची मांडणी वयानुसार झाली. सात वर्षांच्या बहुसंख्य मुलांना जी साधते, ती सातव्या वर्षाची कसोटी. बिने यांचा शब्द ‘मानसिक पातळी’ असा होता. बुद्धी ही न बदलणारी राशी होय, या मताचा त्यांनी १९०९ च्या ग्रंथात निषेध केला. पुढे पातळीचे ‘वय’ झाले. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी त्यास प्रत्यक्ष वयाने भागले. १९१६ मध्ये ल्युइस टर्मन यांनी त्या भागाकारास शंभराने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. साहाय्याची गरज दाखविणारे माप अशा रीतीने मुलाच्या कपाळीचा शिक्का ठरू लागले. प्रौढांच्या बाबतीत त्यातील विसंगती उघड झाली : वर्षे वाढत जातात, गुण त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून डेव्हिड वेक्स्लर यांनी १९३९ मध्ये समवयस्कांशी तुलना करण्याची पद्धती स्वीकारली. ‘मानसिक वय आठ’ या नोंदीने बारा वर्षांचे मूल आठ वर्षांचे होत नाही. त्याने कोणत्या कसोट्या सोडविल्या, एवढेच ती सांगते.