फर्नेसला ज्योत दिसते कशी? एका बिघाडामागचा इतिहास



आज पेपर नाही, थेट घरातला किस्सा. मी सध्या अमेरिकेत मिनियापोलिसला पीएच.डी. करतोय. मागच्या जानेवारीत, बाहेर उणे 22 अंश असताना, रात्री आमच्या भाड्याच्या घरातली फर्नेस बंद पडली. फर्नेस म्हणजे तळघरातली गॅसची भट्टी. ती हवा तापवते, पंखा ती हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत ढकलतो. इथल्या थंडीत ती बंद राहिली तर नळातलं पाणी गोठून पाइप फुटू शकतात.

लक्षणं अशी होती: पेटायची, चार सेकंद छान निळी ज्योत, आणि फट्कन बंद. असं तीनदा झालं, मग सगळं शांत. सकाळी आलेला टेक्निशियन म्हणाला, "कंट्रोल बोर्ड गेला, बदलावा लागेल." बदलला. संध्याकाळी पुन्हा तेच! दुसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी एक स्क्रू काढला, पेन्सिलीपेक्षा बारीक अशी धातूची दांडी बाहेर ओढली, बारीक स्टील वूलने पुसली आणि परत लावली. फर्नेस सुरू.

ती दांडी काय करते हे कळल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. का, ते पुढे सांगतो. त्याआधी थोडं मागे जाऊ.

तळघरात जाणारा माणूस

एकोणिसाव्या शतकात कोळशाची भट्टी सांभाळणं हे माणसाचं काम होतं. थंडी वाजली की खाली जायचं, हवेची झडप उघडायची; उकडलं की पुन्हा जाऊन बंद करायची. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या नॉर्मल स्कूलमध्ये वॉरन जॉन्सन शिकवायचे. तिथे शिपाई वर्गात येऊन तापमान बघायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा हलवायचा. तास मोडायचा तो वेगळाच. जॉन्सन यांनी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट बनवला. 1883 मध्ये त्यांना पेटंट मिळालं.

1885 मध्ये आमच्याच मिनियापोलिसमध्ये अल्बर्ट बुट्झ यांनी पुढची पायरी गाठली. खोली गार झाली की थर्मोस्टॅट विद्युतमंडल जोडायचा, छोटी मोटर अर्धा फेरा फिरायची, साखळी ओढली जायची आणि भट्टीची झडप उघडायची. खोली तापली की उलट. शिपायाची फेरी वाचली. पण नीट बघा, हे यंत्र फक्त खोलीचं तापमान ओळखत होतं. भट्टीत आग आहे की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

कोळशाच्या बाबतीत हे चालून गेलं. आग विझली तर घर गार पडतं, एवढंच. गॅसच्या बाबतीत मात्र ज्योत विझली आणि गॅस चालू राहिला, तर घरच उडू शकतं.

मिलिव्होल्टचा पहारेकरी

यावरचं उत्तर भौतिकशास्त्रात आधीच पडून होतं. दोन वेगळ्या धातूंचा जोड तापवला की विद्युतदाब निर्माण होतो, हे झेबेक यांचं 1821 चं निरीक्षण. म्हणजेच आपला थर्मोकपल. सतत जळणाऱ्या छोट्या पायलट ज्योतीत त्याचं टोक ठेवायचं. त्यातून मिळणारे साधारण 25 ते 30 मिलिव्होल्ट एका विद्युतचुंबकाला पुरतात आणि तो गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. पायलट विझली, टोक गार झालं, चुंबक सुटला, स्प्रिंगने झडप बंद. घरची वीज गेली तरी हा पहारा चालूच! तुमच्या घरी सेफ्टी असलेली गॅसची शेगडी असेल, तर पेटवल्यावर नॉब काही सेकंद दाबून का धरावा लागतो, ते आता लक्षात येईल.

पण यात दोन अडचणी होत्या. एक, टोक गार व्हायला वेळ लागतो. दुसरी, पायलट चोवीस तास गॅस खाते. 1973 च्या तेलसंकटानंतर ही उधळपट्टी डोळ्यांत खुपायला लागली. 1987 च्या अमेरिकन कायद्याने घरगुती फर्नेससाठी किमान कार्यक्षमतेची अट आणली. ती 1992 पासून लागू झाली आणि नव्या फर्नेसमधून पायलट जवळजवळ हद्दपार झाली.

ज्योतीतून वाहणारी वीज

तिच्या जागी ही दांडी आली. ज्योतीत आयन असतात, त्यामुळे ज्योत थोडीशी वीज वाहू देते. दांडीला एसी दाब द्यायचा. बर्नरचा पृष्ठभाग मोठा आणि दांडीचा लहान, त्यामुळे प्रवाह एका दिशेने जास्त वाहतो. म्हणजे ज्योत स्वतःच रेक्टिफायर बनते! बोर्ड हा काही मायक्रोअँपिअरचा डीसी प्रवाह शोधतो. तो मिळाला तर ज्योत आहे. नाही मिळाला तर काही सेकंदांत गॅस बंद.

आता आमचा बिघाड उलगडतो. दांडीवर विद्युतरोधक थर साचला होता. ज्योत होती, पण बोर्डाला दिसत नव्हती. बोर्ड अगदी बरोबर वागत होता आणि आम्ही बदलला नेमका तोच.

आणि लाज कसली? मी लॅबमध्ये दोन वर्षं गॅस क्रोमॅटोग्राफ चालवतोय, ज्याचा डिटेक्टर ज्योतीतल्या आयनांचाच प्रवाह मोजतो. सिग्नल पडला की मी आधी तो डिटेक्टर साफ करतो. घरी मात्र तेच तत्त्व डोळ्यांसमोर असून सुचलं नाही.

संशोधनासाठी काय घ्यायचं?

पहिलं: "सिग्नल नाही" म्हणजे "वस्तू नाही" असं नव्हे. आधी मोजणारं साधन तपासा.

दुसरं: क्रम बघा. आजची फर्नेस ठरलेल्या क्रमाने चालते: थर्मोस्टॅटची हाक, धूर ओढणारा पंखा, प्रेशर स्विच, इग्नायटर, गॅस, ज्योतीची खात्री, मग मोठा पंखा. कुठे अडलं ते पाहिलं की निम्मं निदान झालं. पंखा फिरतोय पण पेटतच नाही, तर बाहेरचा पाइप बर्फाने बुजलाय का बघा. पेटून काही मिनिटांनी बंद होत असेल, तर बहुतेक एअर फिल्टर तुंबलाय आणि आतली उष्णता लिमिट स्विचला सहन होत नाहीये.

तिसरं: मूळ कागद वाचा. "गॅस फर्नेसचा शोध ॲलिस पार्कर यांनी लावला," असं इंटरनेटवर सर्रास वाचायला मिळतं. त्यांचं 23 डिसेंबर 1919 चं अमेरिकन पेटंट, क्रमांक 1325905, उपलब्ध आहे. त्यात गॅसचे अनेक स्वतंत्र बर्नर आणि वेगवेगळ्या खोल्यांकडे जाणारे डक्ट यांची विशिष्ट रचना आहे. कल्पना मोठीच आहे, पण दावा त्या रचनेवर आहे, सगळ्या गॅस हीटिंगवर नाही. पेटंट उघडा, "दावे" हा भाग वाचा आणि त्यांनी नेमकं काय मागितलंय ते तीन वाक्यांत लिहून काढा. लिटरेचर रिव्ह्यूचा याहून चांगला सराव मला तरी माहीत नाही.

शेवटी एक कळकळीचं. सेफ्टी स्विच त्रास देतो म्हणून वायर जोडून त्याला बगल द्यायची नाही, कधीच नाही. गॅसचा वास आला तर दुरुस्ती करत बसू नका, घराबाहेर पडा. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडेही येतात. त्या दांडीने आम्हाला दोन रात्री थंडीत कुडकुडत ठेवलं खरं, पण शंका आल्यावर गॅस बंद करणं हेच तिचं काम होतं. आणि ते तिने चोख केलं.