रंगांचे ‘अख्लाक’ आणि गटेचा एक शब्द

जर्मन महाकवी गटे आपल्याकडे दोन कारणांनी ओळखला जातो. कालिदासाच्या ‘शाकुंतला’वर तो लुब्ध होता आणि हाफिज शिराझीच्या गझलांनी भारावून त्याने १८१९ साली स्वतःचा ‘दिवान’ प्रसिद्ध केला. याच गटेने १८१० साली रंगांवर एक भलामोठा ग्रंथ काढला होता. त्यात त्याने थेट न्यूटनशी वाद घातला. भौतिकशास्त्राने तो वाद मान्य केला नाही. पण रंग पाहून माणसाच्या मनात काय घडते, हे सांगणारे त्यातले प्रकरण आजही वाचले जाते.

या प्रकरणाच्या शीर्षकात ‘झिनलिश-झिटलिश’ असा जोडशब्द आहे. त्यातला पहिला इंद्रियांशी संबंधित. दुसऱ्याचे मूळ ‘झिटे’, म्हणजे रूढी, रीतभात. आज ‘झिटलिश’चा अर्थ नैतिक असा घेतला जातो. गटेच्या काळी मात्र माणसाचे मन, स्वभाव, भावना हे सारे त्यात सामावत असे.

चित्रकार चार्ल्स ईस्टलेक यांनी १८४० साली या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला. पुढे ते लंडनच्या नॅशनल गॅलरीचे पहिले संचालक झाले. त्यांनी शीर्षकात ‘मॉरल असोसिएशन्स’ असे शब्द योजले. त्यात इंद्रिये गळाली, उरले ते ‘मॉरल’. तरीही ईस्टलेक चुकले असे म्हणता येत नाही. तेव्हाच्या इंग्रजीत ‘मॉरल’चा एक अर्थ ‘मनाशी निगडित’ असाही होता. ‘मॉरल सपोर्ट’मध्ये तो अजून टिकून आहे. पुढे शब्दाचा अर्थ आक्रसला आणि गटे जणू रंगांचे पापपुण्य सांगतो आहे, असा वाचकांचा समज होऊ लागला.

मला इथे उर्दूतला ‘अख्लाक’ जवळचा वाटतो. ‘खुल्क’ म्हणजे स्वभाव. त्याचे अनेकवचन अख्लाक. वागणूक, शिष्टाचार, नीती आणि माणसाचा मूळ पिंड, सगळेच त्यात येते.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. गटे पिवळ्या रंगाला प्रसन्न म्हणतो. पण तो जरा मळला की किळसवाणा होतो, असेही नोंदवतो. ज्यूंच्या झग्यांवरची पिवळी वर्तुळे यातूनच आली असावीत, असा त्याचा तर्क आहे. इतिहास मात्र वेगळे सांगतो. अब्बासी खलिफा मुतवक्किलने इ.स. ८५० मध्ये ज्यू आणि ख्रिस्ती प्रजेला मधाच्या रंगाची वस्त्रे सक्तीची केली. १२१५ मध्ये रोमच्या लॅटरन धर्मसभेने ज्यू आणि मुसलमान दोघांनीही वेगळा पोशाख करावा, असे फर्मान काढले. १९४१ मध्ये नाझींनी जर्मनीतल्या ज्यूंच्या छातीवर पिवळा तारा शिवायला लावला. मळलेल्या पिवळ्याचा यात काय दोष? कुणाला वेगळे पाडायचे, हे सत्तेने आधी ठरवले. रंग नंतर निवडला.

गंमत म्हणजे हा भेद खुद्द गटेनेही ओळखला होता. हिरव्या रंगात डोळ्याला विसावा मिळतो, हा त्याचा अनुभव. पण हिरवा म्हणजे आशा, हा अर्थ आधी कुणीतरी सांगावा लागतो, तेव्हाच कळतो, असे तो त्याच प्रकरणात म्हणतो. एक परिणाम रंगाचा, दुसरा शिकवणीचा.

आपल्या मराठीत गटेच्या त्या अनुभवाला नेमका शब्दप्रयोग आहे: डोळे निवणे. पावसाळ्यातल्या शेताने, नवरीच्या हातातल्या चुड्याने, दर्ग्यावरच्या चादरीने सगळ्यांचेच डोळे निवतात. तोच हिरवा एखाद्या झेंड्यावर दिसला आणि कपाळाला आठी पडली, तर ती आठी रंगाने पाडलेली नसते. ती कुणीतरी शिकवलेली असते.