अंतराळातील त्रिमितीय मुद्रण

अंतराळमोहीम चालू असताना लागणारी हत्यारे, सुटे भाग व इतर उपकरणे यानात किंवा स्थानकातच, पदार्थाचे थरावर थर रचून निर्माण करण्याची पद्धती. सुमारे ४०० किमी. उंचीवरून फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकास मालवाहू यानांनी वेळोवेळी रसद पोचविता येते. परंतु मंगळाकडे प्रस्थान करण्याची अनुकूल संधी सुमारे २६ महिन्यांनीच येत असल्यामुळे तिकडे निघालेल्या यानास मागाहून मदत मिळणे दुरापास्त असते, आणि कोणता भाग केव्हा निकामी होईल हे आगाऊ सांगता येत नसल्याने प्रत्येकाची जादा प्रत बरोबर घ्यावी, तर वजनाची तरतूद अपुरी पडते. म्हणून तयार वस्तूंऐवजी कच्चा माल व आराखडे यांचेच कोठार बाळगावे, ही कल्पना पुढे आली.

नासाचे मार्शल अंतराळ उड्डाण केंद्र व मेड इन स्पेस ही कंपनी यांनी सिद्ध केलेले यंत्र सप्टेंबर २०१४ मध्ये स्थानकाकडे रवाना झाले. अंतराळवीर बॅरी विल्मोर यांनी ते बसविल्यावर नोव्हेंबरात त्याच्याच मुद्रणशीर्षाच्या आवरणाची पट्टी ही पहिली वस्तू तयार झाली. डिसेंबरात, पृथ्वीवर आखलेला व तपासणीअंती मंजूर झालेला आराखडा संदेशरूपाने वर धाडून रॅचेट पाना घडविण्यात आला. वितळलेल्या एबीएस प्लॅस्टिकची बारीक धार थराथराने अंथरण्याची ही रीत होय. भारहीन अवस्थेत उष्ण हवा वर चढत नसल्यामुळे वस्तू निवण्याची क्रिया बदलते. तिचा बळकटीवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी ते नमुने पृथ्वीवर आणून येथील नमुन्यांशी ताडण्यात आले, तेव्हा भारहीनतेमुळे लक्षणीय फरक पडल्याचे आढळले नाही. २०१६ मध्ये अधिक प्रकारचे प्लॅस्टिक हाताळणारे यंत्र, तर २०१८ मध्ये वापरलेल्या प्लॅस्टिकपासून पुन्हा धागा करू पाहणारे यंत्र पाठविण्यात आले.

धातूचे काम अधिक बिकट आहे. पोलादाची तार लेसर किरणांनी वितळविणारे, एअरबसने यूरोपीय अंतराळ संस्थेसाठी बांधलेले यंत्र २०२४ च्या जानेवारीत स्थानकाच्या कोलंबस कक्षासाठी रवाना झाले. उष्णता व धूर बाहेर पडू नयेत म्हणून त्याची पेटी पूर्ण बंदिस्त असून आत नायट्रोजन भरावा लागतो. त्याच वर्षी त्यावर पहिला धातूचा भाग तयार झाला.

मुद्रित भागाच्या मजबुतीची पारख यानातच करण्याची खात्रीलायक सोय होईपर्यंत ही पद्धती सुट्या भागांच्या साठ्यास पूरकच मानावी लागेल. तथापि दीर्घ पल्ल्याच्या मोहिमांना तिच्यावाचून गत्यंतर नाही.