अर्ध्या अक्षरांची शिवराई

आमच्या देव्हाऱ्यात एक काळपट तांब्याचं नाणं आहे. दिवाळीआधी देवाची भांडी चिंचेने घासली जातात, तेव्हा तेही घासलं जातं. धड गोल नाही की चौकोनी नाही. एका बाजूला ‘श्री’ आणि ‘राजा’ वाचता येतं, तिसऱ्या ओळीतल्या ‘शिव’चा मात्र ‘व’ कडेबाहेर निसटलेला. ही शिवराई.

लहानपणी मला वाटे, झिजून अक्षर गेलं असेल. पण ते तिथे कधी उमटलंच नव्हतं. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा, अशी ही हाताने पाडलेली नाणी. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावे. कुठे ‘श्री’ गेला, कुठे ‘छत्र’ अर्धं राहिलं. दोन्हीकडची सगळी अक्षरं आणि भोवतीचं ठिपक्यांचं वर्तुळ शाबूत असलेली शिवराई संग्राहकाला दिसली, तर तो हरखून जातो.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांच्या नावाने सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी पडली. होन आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतके दुर्मीळ. शिवराई मात्र घरोघर सापडते. मोगलांच्या आणि आदिलशाहीच्या नाण्यांवर फारसी अक्षरं असत, त्या काळात हिच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’ असं नागरीत कोरलेलं होतं. साल नाही, टाकसाळीचं नाव नाही. म्हणून कुठली शिवराई आधीची आणि कुठली नंतरची, हे अक्षरांच्या वळणावरून, ऱ्हस्व-दीर्घावरून आणि वजनावरून ताडावं लागतं. सुरुवातीची पूर्ण शिवराई साधारण ११ ते १३ ग्रॅमची. तिच्या निम्म्या वजनाची अर्धी शिवराईही होती.

राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला होता. मुंबईची नाणी तुमच्या मुलखात चालू द्यावीत, असं इंग्रजांनी तहात मागितलं. महाराजांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. कुठल्याही नाण्याला मी मज्जाव करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्यायची सक्तीही करणार नाही. तुमचं नाणं इतरांच्या नाण्यांइतकं कसदार आणि वजनदार असेल, तर ते चालेल. नाण्याची खरी परीक्षा बाजारात होते, हे यात स्वच्छ दिसतं.

त्या परीक्षेत शिवराई टिकली. छत्रपतींची गादी साताऱ्यास गेली, कारभार पेशव्यांकडे आला, ठिकठिकाणी परवाने घेऊन खाजगी टाकसाळी निघाल्या, तरी तांब्यावर नाव शिवाजी महाराजांचंच राहिलं. त्यातलीच एक उशिराची जात ‘दुदांडी’. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामधल्या दोन आडव्या रेघांवरून तिला हे नाव पडलं. दुप्पट वजनाच्या जाडजूड पैशाला लोक ‘ढब्बू’ म्हणत. ते नाणं गेलं, शब्द मात्र गुटगुटीत पोराला चिकटून राहिला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीने सगळीकडे एकच चलन आणलं आणि त्यात तांब्याचा पाव आणा आला, म्हणजेच पैसा. चार पैशांचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. कंपनीचा पैसा यंत्रावर पाडलेला, गोल, रेखीव, वजन जेमतेम साडेसहा ग्रॅम. दख्खनच्या बाजारांत त्याच्या शेजारी शिवराई चालतच राहिली. १८८० च्या दशकातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतही तिची नोंद आहे. ज्या राज्याने ती पाडली, ते जाऊन तेव्हा साठ-पासष्ट वर्षं झाली होती.

पुढे १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले आणि आणे-पैही गेले. आमची शिवराई त्याच्या कितीतरी आधीच देवांत जाऊन बसली असावी. चिंच लागली की ती थोडा वेळ लालसर उजळते आणि ‘राजा’तला ‘जा’ अंगठ्याला स्पष्ट लागतो.