दूरस्थ सत्र नियंत्रण

दूरस्थ सत्र नियंत्रण म्हणजे जाळ्यातील एका संगणकावर चाललेले वापरकर्त्याचे काम दुसऱ्या संगणकावरून पाहण्याची आणि गरजेनुसार त्याचा कळफलक व माउस चालविण्याची सोय होय. संगणक क्षेत्रात तिला 'शॅडोइंग' असे म्हणतात. कार्यालयांत तिचा उपयोग प्रामुख्याने कर्मचाऱ्यांना जागेवर न जाता तांत्रिक मदत देण्यासाठी होतो.

स्वरूप

वापरकर्त्याने लॉगिन केल्यापासून लॉगआउट करेपर्यंतच्या कामास 'सत्र' म्हणतात. विंडोजच्या डेस्कटॉप आवृत्तीत दूरस्थ डेस्कटॉपची नेहमीची जोडणी केली, की प्रत्यक्ष संगणकासमोरील पडदा बंद होतो. सत्र नियंत्रणात मात्र मूळ वापरकर्ता व प्रशासक हे दोघेही एकच पडदा एकाच वेळी पाहतात. त्यामुळे अडचण कोठे आहे हे वापरकर्त्याला दाखविता येते आणि ती कशी सोडवली जाते हे पाहताही येते.

इतिहास

केंब्रिज येथील ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात व्हीएनसी ही प्रणाली विकसित झाली. तिच्यात पडद्याचा केवळ बदललेला भाग पाहणाऱ्याकडे पाठविला जातो. उलट दिशेने कळफलक व माउस यांच्या क्रिया येतात. मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली. पुढे विंडोज २००० सर्व्हरमध्ये दुसऱ्याचे सत्र पाहण्याची व चालविण्याची सोय मिळाली. विंडोज सर्व्हर २०१२ मधून ती वगळण्यात आली. परंतु २०१३ मध्ये आलेल्या २०१२ आर-२ या आवृत्तीत ती पुन्हा समाविष्ट झाली.

संमतीचे पर्याय

विंडोजच्या गट धोरणात प्रशासकाला पुढील पाच पर्याय मिळतात :

१. नियंत्रणास पूर्ण मनाई
२. वापरकर्त्याच्या परवानगीने पूर्ण नियंत्रण
३. परवानगीशिवाय पूर्ण नियंत्रण
४. परवानगीने केवळ पाहणे
५. परवानगीशिवाय केवळ पाहणे

दुसऱ्या व चौथ्या पर्यायात वापरकर्त्याच्या पडद्यावर विचारणा होते व त्याने होकार दिल्यावरच सत्र उघडते. तिसऱ्या व पाचव्या पर्यायात अशी विचारणा होत नाही. मदतीचे साधन आणि पाळतीचे साधन यांतील भेद तंत्रात नसून या निवडीत आहे.

सुरक्षितता

व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची केवळ पहिली आठ अक्षरे विचारात घेतली जातात आणि पडद्यावरील माहिती सांकेतिक रूपात न बदलता पाठविली जाते. म्हणून ती सुरक्षित बोगद्यातून, उदाहरणार्थ एसएसएच जोडणीतून, वापरणे इष्ट ठरते. फसवणूक करणारे लोक मदतीच्या बहाण्याने अशी अ‍ॅप्स उतरवून घ्यायला सांगतात. या प्रकाराविरुद्ध भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते.

कायदेशीर बाजू

भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ४३ नुसार संगणकाचा मालक किंवा प्रभारी यांच्या परवानगीशिवाय त्यात प्रवेश करणाऱ्यास नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कार्यालयीन संगणकाची मालकी सहसा संस्थेकडे असते. त्यामुळे या कलमातील परवानगी ही संगणकासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याची असेलच असे नाही. तथापि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. त्याच वर्षी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया या खटल्यात, कर्मचाऱ्याच्या संदेशांवर लक्ष ठेवले जाईल याची पूर्वसूचना त्याला दिली होती की नाही हा मुद्दा महत्त्वाचा मानला आणि कर्मचाऱ्याच्या बाजूने निर्णय दिला.