भिक्षुहल: विद्यास्थानांच्या मालमत्तेची राजमान्यता

प्राचीन विद्यास्थानांविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात आचार्यांची नावे असतात, ग्रंथांची नावे असतात, परदेशी प्रवाशांनी केलेली वर्णने असतात. परंतु तेथे शिकणाऱ्या हजारो भिक्षूंच्या पात्रात पडणारा भात कोणत्या शेतातून येत होता, ते शेत कोणाच्या नावे होते, आणि ज्या राजाने ते दिले त्याचे राज्य बुडाल्यावर ते शेत संघाकडे कसे राहिले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आमच्या मते विद्यास्थानांच्या आयुष्याचा निर्णय पुष्कळदा याच प्रश्नावर झालेला आहे. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) हा प्रतिष्ठान, गोवर्धन म्हणजे नाशिक, आणि जुन्नर या तीन सातवाहनकालीन केंद्रांच्या मध्ये पडतो. शेवगाव तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैठण. संगमनेर-अकोल्याच्या शिवेपलीकडे एका अंगाला नाशिक, दुसऱ्या अंगाला जुन्नर. या पट्ट्याच्या आसपास, नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर आणि मावळातील कार्ल्याच्या लेण्यात, जमिनीच्या हक्कांची जी कागदपत्रे दगडावर कोरलेली आहेत, तीच या लेखाचा विषय होय.

त्यांतील पहिले दान क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे. कार्ल्याच्या चैत्यातील लेखात त्याने वलूरक लेण्यांत राहणाऱ्या चारही दिशांच्या संघातील प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिल्याचे नमूद आहे. हा उषवदात केवळ बौद्धांचा उपासक नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. त्याच लेखात त्याने ब्राह्मणांना दिलेल्या गाईंची आणि गावांचीही यादी आहे. राज्यकर्ता सर्वांना देतो, आणि देता देता सर्वांना बांधून घेतो, ही रीत त्या काळीही जुनीच असावी.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती सारी नहपानाची नाणी, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला. शत्रूचे नाणे वितळवून टाकले नाही. त्याच चांदीवर नवे नाव उमटवले. आमच्या समजुतीप्रमाणे त्याने शत्रूच्या दानांचेही हेच केले. कार्ल्याचा एक लेख मावळच्या अधिकाऱ्यास उद्देशून काढलेल्या राजाज्ञेचा आहे. राजाचे नाव असलेला भाग झिजला आहे, तरी पुष्कळ अभ्यासक ती आज्ञा गौतमीपुत्राची मानतात. तीत तेच करजक गाव वलूरकच्या भिक्षूंना ‘भिक्षुहल’ म्हणून देण्यात येत आहे. दाता बदलला, गाव तेच राहिले.

भिक्षुहल म्हणजे भिक्षुसंघाच्या निर्वाहासाठी राखलेली जमीन. तिला मिळणाऱ्या सवलती त्या काळच्या प्राकृतात ठरीव शब्दांनी सांगितल्या आहेत, आणि ते शब्द जरा थांबून पाहण्यासारखे आहेत. ‘अपावेस’: तेथे राजाच्या माणसांनी शिरू नये. ‘अनोमस’: तिला कोणी हात लावू नये. ‘अलोणखादक’: राजाच्या मिठासाठी तेथे खणू नये. ‘अरठसंविनयिक’: जिल्ह्याच्या अंमलदारांनी तेथे ढवळाढवळ करू नये. शेवटी ‘सवजातपारिहारिक’, म्हणजे सर्व प्रकारची मोकळीक. ही यादी उलटी वाचली तर सामान्य गावाच्या डोक्यावर काय काय बसलेले होते, त्याचाच तो पंचनामा ठरतो. राजाचे शिपाई येत, घेऊन जात, खणत, वसूल करीत. संघाला जमीन तर मिळालीच. परंतु खरे मोल होते ते या सर्वांपासून मिळालेल्या मुक्ततेचे.

येथे आमच्या वाचकांना महार वतनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. वतनालाही जमीन होती, हक्क होते, आणि बेदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची परंपरागत कथाही होती. पण वतनाची जमीन माणसाला चाकरीला बांधीत होती. राजाचा शिपाई दारात येऊ नये अशी तिची अट नव्हती; उलट, तो आला की वतनदाराने धावावे, अशी होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते जमिनीच्या पोटातील ही चाकरी काढून टाकण्यासाठीच. ती वतने रद्द करणारा मुंबईचा कायदा १९५८ चा. एकाच भूमीवर दोन प्रकारची दाने होऊन गेली. एका दानाने घेणारा मोकळा झाला, दुसऱ्याने तो जखडला गेला.

आता नाशिककडे वळू. तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील दोन आज्ञा एकापाठोपाठ वाचाव्यात. गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षी गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास हुकूम जातो, की पश्चिम काखडी गावातील पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिले आहे. सवलती वरीलप्रमाणेच. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, गौतमीपुत्राच्या आणि राजमातेच्या नावे अमात्य श्यामक यास दुसरा हुकूम जातो. त्यात मोकळेपणाने सांगितले आहे, की पूर्वी दिलेले काखडीचे शेत कसले जात नाही आणि तेथे वस्तीही राहिलेली नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या शेतापैकी शंभर निवर्तने भिक्षूंना द्यावीत.

दोनशेची शंभर झाली. परंतु ओसाड गावातील दोनशेपेक्षा वेशीजवळच्या राबत्या शेतातील शंभर निवर्तने संघाला खात्रीने अधिक उपयोगी पडली असणार. ही अदलाबदल राजाने आपण होऊन केली असेल असे आम्हांस वाटत नाही. शेत पडीक आहे ही बातमी कोणीतरी लेण्यातून अमात्यापर्यंत आणि अमात्याकडून राजापर्यंत नेली असली पाहिजे. पुळुमावीच्या बाविसाव्या वर्षीही असेच घडले. सुदसण गावाच्या बदल्यात सामलिपद हे गाव भिक्षुहल म्हणून देण्यात आले. दान मिळाले म्हणून हात जोडून बसणारा संघ तो नव्हता. दानाचा उपयोग होतो की नाही याचा तो हिशेब ठेवीत होता.

तरीही प्रत्येक नव्या आज्ञेत काही मिळते तसे काही निसटतेही. उषवदाताने करजिक गाव दिले ते चारही दिशांच्या संघाला, भेद न करता. नव्या राजाज्ञेत मात्र महासांघिक निकायाचे नाव येते. कोणताही नवा राज्यकर्ता जुने दान ‘कायम करतो’ तेव्हा तो ते जसेच्या तसे उतरवून काढीत नाही. घेणाऱ्याचे नाव, क्षेत्र, अटी यांपैकी एखादी गोष्ट त्या निमित्ताने बदलते. म्हणून अशा आज्ञेतील पहिला शब्द पाहायचा तो घेणाऱ्याचा.

राजाज्ञेपेक्षा वेगळी अशी दुसरी खबरदारीही उषवदाताने घेतली होती. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील त्याच्या लेखात तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधी न मोडण्याची ठेव, सांगितली आहे. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते, आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे आहेत. हिशेब पैशापैशाने जुळतो. हे सारे निगमसभेत वाचून दाखवले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले, असे लेख सांगतो. राजघराण्यातील माणसाला नगराच्या सभेपुढे आपले दान जाहीर करावेसे वाटले, कारण घराणी जातात; सभा आणि तिची नोंदवही मागे राहते. घडलेही तसेच. क्षहरात गेले.

या विचाराचे पूर्ण रूप पाहायचे तर सोळाव्या शतकातील इंग्लंडकडे पाहावे लागते. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात ख्रिस्ती मठ मोडून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, आणि त्याला पार्लमेंटच्या कायद्यांचा आधार दिला. १५४५ च्या एका कायद्याने विद्यापीठांतील महाविद्यालयांवरही तीच वेळ येऊ पाहत होती, ती टळली. ऑक्सफर्डपाशी १५२३ ची आणि केंब्रिजपाशी १५६१ ची राजसनद होती. पण मठांपाशीही सनदा होत्याच. राजाची सनद राजाच मोडू शकतो, आणि तिच्यावर न्यायालयात शंकाही काढता येते. म्हणून १५७१ साली एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत पार्लमेंटने स्वतंत्र कायदा करून दोन्ही विद्यापीठांच्या सनदा, जमिनी, हक्क व सवलती कायम केल्या. त्यात विद्यापीठाला नाव दिले ते ‘कुलपती, आचार्य आणि विद्यार्थी’ यांच्या एका अखंड मंडळाचे. माणसे मरतात, मंडळ मरत नाही, हे त्या नावाचे मर्म.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. चुल्लवग्गात अशा पाच प्रकारच्या वस्तू सांगितल्या आहेत, की ज्या कोणा भिक्षूने, गटाने, इतकेच नव्हे तर संघानेही देऊन टाकू नयेत. आराम आणि त्याची जागा, विहार आणि त्याची जागा, या त्यांत पहिल्या. नालंदेच्या उत्खननात सापडलेल्या मुद्रांवर कोण्या आचार्याचे नव्हे, तर श्रीनालंदा महाविहारातील आर्य भिक्षुसंघाचे नाव आहे. ह्युएन त्संगच्या चरित्रात नालंदेला शंभर गावांचे उत्पन्न असल्याचे म्हटले आहे. इत्सिंग दोनशेहून अधिक गावे सांगतो, आणि ती पिढ्यान्पिढ्यांच्या राजांनी दिल्याचे नोंदवतो. नवव्या शतकात पाल राजा देवपालाने सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेवाच्या विनंतीवरून तेथील विहाराला पाच गावे दिली, चार राजगृह विषयातील व एक गया विषयातील. तो ताम्रपट १९२१ साली सापडला. भिक्षूंचे अन्न, चीवर, औषध यांबरोबर धर्मग्रंथांच्या लेखनाचा आणि विहाराच्या डागडुजीचा खर्चही त्यात धरला आहे.

नालंदेवरील आघाताची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण १२३४ च्या सुमारास तिबेटी भिक्षू धर्मस्वामी तेथे पोहोचला, तेव्हाही नव्वदी ओलांडलेले राहुल श्रीभद्र सत्तरेक विद्यार्थ्यांना शिकवीत होते, आणि त्यांचा निर्वाह जयदेव नावाच्या एका गृहस्थाच्या मदतीवर चालला होता. शिकवणारा होता, शिकणारे होते. जुनी गावे पुन्हा कायम करून देणारा राजा मात्र उरला नव्हता. महाराष्ट्रात तोवर जमिनीच्या सनदा दुसऱ्याच नावांनी निघू लागल्या होत्या. अकोले तालुक्यातील कळस बुद्रुकचा यादव भिल्लम तिसरा याचा शके ९४८ चा ताम्रपट ब्राह्मणांना दिलेल्या गावाचा आहे.

आधुनिक विधिमंडळांनीही असे निर्णय केले आहेत. संसदेने २०१० साली कायदा करून नालंदा विद्यापीठ नव्याने स्थापन केले, आणि २०२४ साली त्याच्या नव्या परिसराचे उद्घाटन झाले. बोधगयेच्या महाविहाराबाबत बिहार विधिमंडळाने १९४९ साली जो कायदा केला, त्यात मात्र घेणारा म्हणून संघाचे नाव नाही. सरकारने नेमायची समिती आहे: चार बौद्ध, चार हिंदू, आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी. तो जिल्हाधिकारी हिंदूच असावा ही अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली, समितीची घडण तीच राहिली. २०२५ साली भिक्षूंनी त्याविरुद्ध उपोषण केले. त्रिरश्मीवरील आज्ञा वाचलेल्या माणसाला या वादाचा गाभा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या गावोगावच्या विहारांनाही हाच प्रश्न लागू आहे. विहाराची जागा सातबाऱ्यावर किंवा गावठाणाच्या उताऱ्यावर कोणाच्या नावे आहे? देणाऱ्याच्या, एखाद्या कार्यकर्त्याच्या, की नोंदणीकृत संस्थेच्या? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी झालेली असली, तरी विश्वस्त वारला किंवा बदलला की नव्वद दिवसांत कलम २२ खाली तसा फेरफार, ज्याला सर्वत्र ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात, कळवावा लागतो. तो वर्षानुवर्षे न दिल्याने नोंदवहीत मयत माणसेच विश्वस्त म्हणून राहतात, आणि जागेचा वाद उभा राहिला की विहाराच्या वतीने सही कोणी करायची, याच मुद्द्यावर प्रकरण अडते.