निर्वासनातील तिबेटी स्त्रिया : प्रतिकार, श्रम आणि नागरिकत्वाचा प्रश्न
(विशेष संदर्भ : महाराष्ट्रातील नोर्ग्येलिंग वसाहत)

प्रस्तावना

'विस्थापित' हा शब्द इंदापूर तालुक्याला नवा नाही. उजनी धरणाच्या पाण्याखाली भीमाकाठची गावे गेली. उन्हाळ्यात जलाशय आटला की पळसदेवचे जुने मंदिर आजही वर येते आणि वृद्ध माणसे ते पाहण्यासाठी काठावर जमतात. मात्र या विस्थापिताचा देश बदलला नाही. त्याची भाषा, मतदानाचा हक्क आणि सातबारा मागण्याचा अधिकार शाबूत राहिला. 'निर्वासित' या शब्दाचा अर्थ येथूनच वेगळा होतो. निर्वासिताचे गाव पाण्याखाली गेलेले नसते, ते जागेवरच असते. पण तेथे परत जाता येत नाही.

भारतातील तिबेटी निर्वासितांवर बरेच लेखन झाले आहे. त्याचा भर प्रामुख्याने दलाई लामा, भारत-चीन संबंध आणि सीमाप्रश्न यांवर आहे. स्त्रिया त्यात छायाचित्रांपुरत्या येतात. महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगाव-प्रतापगड परिसरात, १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तरीही आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात तिला क्वचितच स्थान मिळते. प्रस्तुत लेखात तिबेटी स्त्रियांच्या इतिहासाचा मागोवा घेऊन महाराष्ट्रातील वसाहतीचा त्या संदर्भात विचार केला आहे.

१९५९ पूर्वीची स्थिती

निर्वासित समाजाच्या आठवणीतला मायदेश नेहमीच प्रत्यक्षापेक्षा अधिक सुंदर असतो. तिबेटी समाजही याला अपवाद नाही. जुन्या तिबेटमधील स्त्रीला व्यापार, घरखर्च व मालमत्तेच्या व्यवहारात शेजारच्या अनेक समाजांतील स्त्रियांपेक्षा अधिक मोकळीक होती, असे अभ्यासक सांगतात व त्यात तथ्य आहे. पडदा नव्हता, विधवेला पुनर्विवाहाची मनाई नव्हती. तथापि तिबेटी भाषेत स्त्रीसाठी रूढ असलेल्या 'क्येमेन' या शब्दाचा मूळ अर्थच 'हीन जन्म' असा आहे. भिक्षुणींना पूर्ण उपसंपदेची परंपरा तिबेटमध्ये रुजली नव्हती व उच्च तत्त्वज्ञानाचे शिक्षण भिक्षूंसाठी राखीव होते. राज्यकारभार सरदार घराणी आणि मठ यांच्या हाती होता. आपण तिबेटी स्त्रीला मुक्त केले, हा चीनचा दावा याच उणिवांवर उभा आहे. त्या दाव्याची परीक्षा मात्र तिबेटी स्त्रियांनी पुढे जे भोगले त्यावरूनच करावी लागते.

सत्ता, प्रतिकार आणि तुरुंग

ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्याने चामदो घेतले. २३ मे १९५१ रोजी सतरा कलमी करार झाला. भारताने २९ एप्रिल १९५४ च्या पंचशील कराराने तिबेटला चीनचा प्रदेश म्हणून मान्यता दिली. पूर्वेकडील खाम प्रांतात १९५५-५६ पासून सशस्त्र प्रतिकार सुरू झाला आणि १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठावाची ठिणगी पडली. १२ मार्चला पोताला प्रासादासमोर हजारो स्त्रिया एकत्र आल्या. निर्वासित तिबेटी हा दिवस आजही 'महिला उठाव दिन' म्हणून पाळतात. त्या आंदोलनाच्या पुढारी स्त्रियांपैकी अनेकींना कैद झाली, काहींना प्राण गमवावे लागले.

खाममधील दोन स्त्रियांची चरित्रे येथे लक्षात घेण्याजोगी आहेत. गोंजो येथील सरदारकन्या अनी पाचेन (जन्म १९३३) हिने वडिलांच्या मृत्यूनंतर, १९५८ मध्ये, आपल्या लोकांचे नेतृत्व स्वीकारले. भिक्षुणी होण्याची तिची इच्छा होती, पण हाती बंदूक आली. पकडली गेल्यावर तिने सुमारे २१ वर्षे तुरुंगात काढली. १९८१ मध्ये सुटका झाल्यावर ती काही वर्षे ल्हासात निदर्शनांत राहिली, १९८९ मध्ये भारतात आली आणि २००२ मध्ये धर्मशाळेत निवर्तली. न्यारोंगची अमा आढे (जन्म १९३२) हिला १९५८ मध्ये पोटच्या मुलांपासून तोडून नेण्यात आले. अपराध काय, तर डोंगरातील लढवय्यांना इतर स्त्रियांच्या साथीने अन्न व बातम्या पोहोचवणे. श्रमछावण्यांत तिने २७ वर्षे काढली, आणि तिच्याबरोबर नेलेल्या स्त्रियांपैकी फारच थोड्या वाचल्या असे तिचे कथन आहे. दोघींची आत्मकथने पुढे इंग्रजीत प्रसिद्ध झाली. पहिलीचा लढा शस्त्राचा व दुसरीचा भाकरीचा. इतिहासकार सहसा पहिल्याची नोंद घेतो. शासनाने मात्र दोन्ही सारखेच धोकादायक मानले, ही बाब बोलकी आहे.

१९८७ नंतर ल्हासातील निदर्शनांत भिक्षुणी आघाडीवर आल्या. त्या बहुधा खेड्यांतून आलेल्या, विशी-बाविशीच्या मुली होत्या. १९९३ मध्ये द्रापची तुरुंगातील चौदा भिक्षुणींनी चोरून आणलेल्या ध्वनिमुद्रकावर गाणी मुद्रित करून ती फीत बाहेर पाठवली. गाण्याची शिक्षा म्हणून त्यांच्या मुदतीत प्रत्येकी पाच ते नऊ वर्षांची भर पडली. त्यांच्यापैकी ङावांग सांगद्रोल हिला पहिली अटक झाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. आंतरराष्ट्रीय दबावामुळे ती ऑक्टोबर २००२ मध्ये सुटली.

रस्त्यावरचे दिवस

१७ मार्च १९५९ च्या रात्री दलाई लामांनी ल्हासा सोडले आणि ३१ मार्च रोजी ते भारतीय हद्दीत आले. त्यांच्यामागून हजारो लोक हिमालय ओलांडून आले. आसाममधील मिसामारी येथे बांबूच्या झोपड्यांची छावणी उभी राहिली. बारा-तेरा हजार फूट उंचीवरील थंड, कोरड्या हवेत वाढलेली शरीरे आसामच्या दमट उन्हाळ्याला तयार नव्हती. आमांश, क्षय व ताप यांनी अनेकांचा, विशेषतः लहान मुलांचा, बळी घेतला.

यानंतरचा टप्पा रस्तेबांधणीचा. सिक्कीम, कुलू, चंबा आदी डोंगराळ भागांत निर्वासितांच्या टोळ्या खडी फोडू लागल्या. या टोळ्यांत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने होत्या. पूर्वी ज्यांच्या घरी नोकर होते अशा स्त्रिया आणि ज्या स्वतः नोकर होत्या अशा स्त्रिया एकाच ढिगाऱ्यावर हातोडा घेऊन बसल्या. सामाजिक दर्जाची उतरंड मोडण्याचे जे काम कोणत्याही सुधारणेने केले नव्हते, ते दगडाने केले, असे म्हणण्यास जागा आहे. महाराष्ट्राला १९७२ च्या दुष्काळातील खडीकेंद्रे आठवतात. बारामती-इंदापूरच्या जिरायत पट्ट्यातील स्त्रियांना ते दृश्य वेगळे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

रस्त्याच्या कडेला बाळे ठेवून काम करणे जीवघेणे होते. त्यातूनच १९६० मध्ये धर्मशाळेत बालगृह सुरू झाले. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा यांनी १९६४ मधील आपल्या निधनापर्यंत ते सांभाळले. नंतर धाकट्या भगिनी जेत्सुन पेमा यांनी चार दशकांहून अधिक काळ त्याची धुरा वाहिली व त्यातूनच 'तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज' ही शाळांची साखळी उभी राहिली. दार्जिलिंग येथील स्वयंसाहाय्य केंद्र २ ऑक्टोबर १९५९ रोजीच सुरू झाले होते. तेथे गालिचे विणणे, लोकर कातणे ही कामे होती. घरातले विणकाम येथे प्रथमच रोख मजुरीचे झाले.

नोर्ग्येलिंग : भाताच्या प्रदेशात

कायमस्वरूपी वसाहतींची सुरुवात म्हैसूर राज्यातील बायलाकुप्पे येथे १९६० च्या सुमारास झाली. पुढे मैनपाट, चंद्रगिरी, मुंडगोड अशी ठिकाणे त्यात जमा झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला नोर्ग्येलिंग आली ती १९७२ मध्ये. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता (गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला), म्हणून तिबेटी कागदपत्रांत आजही 'भंडारा' हेच नाव चालते. बायलाकुप्पे वा मुंडगोडच्या मानाने ही वसाहत लहान आहे.

इटियाडोह जलाशयाच्या परिसरातील ही भूमी जंगलाची व भाताची. तिबेटी शेतकरी स्त्रीचे पीक जव. भाजलेल्या जवाचे पीठ म्हणजे त्यांचा 'त्साम्पा', आपल्या सातूच्या पिठाचा सख्खा भाऊ. अशा स्त्रीला येथे गुडघाभर चिखलात उभे राहून रोवणी शिकावी लागली. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. लोकरीची 'छुपा' हा पायघोळ वेश आणि विवाहितेचे चिन्ह असलेला 'पांगदेन' हा रंगीत पट्ट्यांचा एप्रन या हवेत रोज वापरणे कठीण. तो सणासुदीपुरता, लोसारच्या नववर्षापुरता उरतो. वसाहतीतील हस्तकला केंद्रात गालिच्यांचे माग आले. मागावर बसणे हे परंपरेने स्त्रीचे काम असल्याने ते कौशल्य शिकवावे लागले नाही. शिकावा लागला तो बाजार.

पावसावरचे एक पीक वर्षभर पुरत नाही. येथेच स्वेटरच्या व्यवसायाचा संबंध येतो. भारतातील बहुतेक तिबेटी वसाहतींचे अर्थकारण या हंगामी व्यवसायावर उभे राहिले आणि त्याचा कणा स्त्रिया आहेत. प्रारंभी हाताने विणलेले लोकरी कपडे विकले जात. पुढे लुधियानाच्या कारखान्यांतून माल येऊ लागला. तिबेटी विक्रेता घाऊक व्यापाऱ्याकडून माल उधारीवर उचलतो आणि हंगाम संपल्यावर पैसे चुकते करतो. अनेक वर्षांच्या या व्यवहारात लेखी करारापेक्षा शब्दाला किंमत राहिली. भातकापणीच्या सुमारास, ऑक्टोबरमध्ये, कुटुंबे बाहेर पडतात आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत तात्पुरत्या बाजारात वा पदपथावर दुकान मांडतात. भाड्याच्या खोल्या, महापालिकेचे परवाने, पोलिसांची विचारपूस, घासाघीस करणारे गिऱ्हाईक यांना तोंड देत ही स्त्री कामचलाऊ मराठी आणि बऱ्यापैकी हिंदी शिकते. मुले त्या काळात वसतिगृहात किंवा आजीपाशी. एका हिवाळ्यातील थंडी कमी पडली तर वर्षाचा हिशेब कोलमडतो. २०२० च्या साथीत तर अनेकांना बाजारच भरवता आला नाही.

पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत 'तिबेटी स्वेटर' हा शब्दप्रयोग दोन पिढ्या रुळलेला आहे. गिऱ्हाइकाने विक्रेतीला तिचे गाव क्वचितच विचारले असेल. विचारले असते तर 'भंडारा' हे उत्तर ऐकून ते बहुधा बुचकळ्यात पडले असते.

याबाबत महाराष्ट्रातील एका जुन्या उदाहरणाशी तुलना उद्बोधक ठरते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती व त्यांत स्त्रिया आणि मुलेच बहुसंख्य होती. मायदेशावरील आक्रमण, सैबेरियाकडे हद्दपारी, मग इराणमार्गे भारत असा त्यांचा प्रवास. त्यांची छावणी पाच वर्षांत उठली. बहुतेक जणी ब्रिटन, पोलंड आणि इतर देशांत गेल्या. नोर्ग्येलिंगला पाच दशके उलटून गेली आहेत. 'तात्पुरता आश्रय' या संकल्पनेवर पाच वर्षे काढणे आणि तीन पिढ्या काढणे यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात स्त्री परतीची वाट पाहते. दुसऱ्यात तिला न पाहिलेल्या देशाची भाषा मुलांना शिकवावी लागते.

संघटना आणि अधिकार

१० सप्टेंबर १९८४ रोजी धर्मशाळेत तिबेटी महिला संघटनेची पुनर्स्थापना झाली. रिंचेन खांडो या तिच्या पहिल्या अध्यक्षा. पुढे त्यांच्याच पुढाकाराने तिबेटमधून पळून आलेल्या भिक्षुणींसाठी शिक्षणाचा प्रकल्प उभा राहिला. त्याचे फळ डिसेंबर २०१६ मध्ये दिसले. वीस भिक्षुणींना 'गेशेमा' ही तत्त्वज्ञानातील सर्वोच्च पदवी दलाई लामांच्या हस्ते मुंडगोड येथे, म्हणजे बेळगाव-हुबळीच्या पलीकडे, प्रदान झाली. तिबेटमध्ये शतकानुशतके जे घडले नाही ते निर्वासनात घडले.

१४ जून १९९१ च्या निर्वासित सनदेने स्त्रियांना समान हक्क दिले आणि लोकप्रतिनिधीगृहात तीन प्रांतांतून प्रत्येकी किमान दोन स्त्रिया असाव्यात अशी तरतूद केली. जेत्सुन पेमा १९९० मध्येच पहिल्या स्त्री मंत्री झाल्या होत्या. तथापि सत्तास्थानी पोहोचलेल्या अनेक स्त्रिया प्रतिष्ठित घराण्यांतील होत्या. मागावर वा पदपथावर बसणाऱ्या स्त्रीचा आवाज त्या सभागृहात किती पोहोचतो, हा प्रश्न उरतोच. तिबेटी स्त्रीच्या 'चिवटपणा'चे कौतुक करणारे लेखन विपुल आहे. ते कौतुक खरे असले तरी त्याच्या आडून तिच्यावरील दुहेरी भार झाकला जातो, कारण संस्कृती टिकवणे आणि घर चालवणे ही दोन्ही कामे तिच्याच वाट्याला येतात.

नागरिकत्व

भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तिबेटी व्यक्ती कायद्याच्या भाषेत 'परकीय' ठरते. १९४६ च्या परकीय नागरिकांविषयीच्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली, पण मूळ स्थिती तीच आहे. नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतले 'आरसी', ठरावीक मुदतीने नूतन करावे लागते. वसाहतीची जमीन कसता येते, स्वतःच्या नावे होत नाही.

डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर या तिबेटी तरुणीच्या याचिकेवर महत्त्वाचा निर्णय दिला. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक आहे, हे कायद्यातील कलम तिबेटींनाही लागू असल्याचे न्यायालयाने मान्य केले. हा लढा एका स्त्रीने जिंकला, याची नोंद स्वतंत्रपणे घ्यावी लागते.

२००९ च्या तिबेटी लोकसंख्या पाहणीनुसार जगभरातील निर्वासित तिबेटींची संख्या १,२७,९३५ होती. त्यांत स्त्रिया ५७,३७९. भारतात ९४,२०३ जण होते. २००८ नंतर सीमेवरील बंदोबस्त वाढल्याने तिबेटमधून नव्याने येणारे अगदी थोडे राहिले, जननदर घटला आणि तरुण पिढी अमेरिका, कॅनडा, युरोपकडे निघाली. वसाहतींत वृद्ध मागे उरत आहेत व त्यांची शुश्रूषाही बहुतांशी स्त्रियाच करतात.

वरील निर्णयाचा परिणाम एकाच घरात कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. नोर्ग्येलिंगमध्ये निर्वासित आईवडिलांच्या पोटी १९८५ मध्ये जन्मलेली थोरली बहीण जन्माने भारतीय ठरते, तर १९९० मध्ये त्याच घरात जन्मलेली धाकटी परकीय. २०१७ मध्ये केंद्र शासनाने भारतीय पारपत्रासाठी अर्ज करणाऱ्या तिबेटींना अटी घातल्या. नोंदणी प्रमाणपत्र परत करावे, निर्वासित प्रशासनाचे लाभ सोडावेत आणि अधिसूचित तिबेटी वसाहतीत राहू नये, अशा त्या होत्या. म्हणजे त्या अटींनुसार थोरलीने आपला कायदेशीर हक्क घ्यायचा ठरवला, तर आईने भाताचे शेत करून उभे केलेले घर तिला सोडावे लागणार होते, आणि आईला सांभाळण्यासाठी मागे राहणार होती ती धाकटी, दर मुदतीला 'आरसी' घेऊन कार्यालयात जाणारी.